चीवराचे टोक

कालव्यातल्या बोटीत कडेच्या जागेवर बसणाऱ्याने दोरी ओढून ताडपत्री वर ताणून धरायची असते. समोरून दुसरी बोट आली की काळे पाणी उसळते, आणि त्या एका माणसाच्या मुठीवर साऱ्या ओळीचे कपडे अवलंबून असतात. बँकॉकमध्ये हे कुणी कुणाला शिकवत नाही. सेन सेप कालव्यावरून मी इतकी वर्षे कामाला जात होतो, आणि माझ्या हातून दोरी कधी सुटली नव्हती. त्या सकाळी ती सुटली. एका हातात दोरी होती, दुसऱ्या हातात फोन होता, आणि फोनवर आई अशा आवाजात बोलत होती की क्षणभर मला तो आईचा वाटलाच नाही. कुणा तरुण, नुकत्याच धावत आलेल्या बाईचा वाटला.

"ओंग, ऐकतोयस ना? खेम भिक्षू होणार आहे. पंधरा दिवस. माझ्यासाठी म्हणतोय. मी एका शब्दाने बोलले नव्हते हं, त्याच्याच मनात आलं."

ताडपत्री खाली आली आणि पाण्याचा एक जाड लोट आमच्या अंगावर कोसळला. माझ्या शेजारच्या बाईंचा बँकेचा गणवेश छातीपासून गुडघ्यापर्यंत काळपट भिजला. "अहो, झोपलात काय?" त्या ओरडल्या. बोटीच्या काठावरून चालत तिकिटे फाडणारा हेल्मेटवाला वाकून म्हणाला, "दोरी धर, भाऊ, दोरी! प्रेमात पडायचं तर घरी पड, माझ्या बोटीत नको." सगळी ओळ हसली. मी कपाळापर्यंत हात जोडून क्षमा मागत राहिलो, आणि फोनमधून आई विचारत होती, "कोण हसतंय? तुला आनंद नाही का झाला?" मी म्हणालो, "झाला की." ओठांवर कालव्याची चव होती. तेलाची, गंजाची, कुजलेल्या कमळदेठांची. ती पुढे कितीतरी दिवस गेली नाही.

मी शाळेच्या पुस्तकांसाठी नकाशे काढतो. त्या महिन्यात माझ्याकडे इतिहासाचे दोन नकाशे होते: आपण कुठून आलो, आणि आपण कुठे कुठे गेलो. पहिल्यावर बाण होते. मी स्वतः शाळेत शिकलो तेव्हा त्यातला सर्वांत लांब बाण अल्ताय पर्वतातून निघत असे, आणि घोड्यांवर बसून हिमातून येणाऱ्या त्या पूर्वजांचा मला फार अभिमान वाटे. आता तो बाण खोटा ठरला होता. तो मीच पुसला होता. आता बाण निघत ते दक्षिण चीनच्या भाताच्या दऱ्यांतून, आणि नदीचे फाटे फुटावेत तसे पसरत: एक लाओसकडे, एक शान डोंगरांत, एक थेट आसामपर्यंत, आणि एक खाली, आमच्या मेनाम खोऱ्यात. दुसऱ्या नकाशावर बाण नव्हते, वर्तुळे होती. लॉस एंजेलिस, बर्लिन, तैपेई, सिडनी. जितकी माणसे, तितके मोठे वर्तुळ. माझ्या मागच्या टेबलावर बसणारी वादी माझ्या खांद्यावरून डोकावत म्हणाली, "तुझे बाण फार जाड झालेत रे. लोक चालत आले होते, रणगाडे घेऊन नव्हे." मी बाण बारीक केले. मग ओल्या सदऱ्यात कुडकुडत दुपारभर सिडनीच्या वर्तुळाकडे पाहत बसलो. त्या वर्तुळात कुठेतरी माझा भाऊ पंचवीस वर्षे होता, आणि तो तिथे होता तोवर माझे त्याच्यावर प्रेम होते. हे मला त्या दुपारी प्रथमच कळले.

लमाय मावशी त्याला घेऊन गेली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी चार. मावशीला मूल नव्हते, सिडनीत तिचे लहानसे उपाहारगृह होते, आणि आमच्याकडे एका खोलीत चौघे. मला त्या दिवसातले फक्त विमानतळाच्या फरशीचे गारपण आठवते. मी तिच्यावर पालथा झोपलो होतो आणि मला कुणी उचलत नव्हते. त्यानंतर खेम आमच्या घरात एका वेगळ्याच रीतीने राहू लागला. न बोलणारा, न भांडणारा, कधी आजारी न पडणारा मुलगा. आंबे आले की आई म्हणे, "खेमला आवडायचे." शाळेत माझा नंबर वर आला की म्हणे, "खेमला कळवायला हवं." मी ताप काढे, तिचे चुकलेले हिशेब जुळवी, तिच्या गुडघ्यांना मलम चोळी, आणि त्याने मात्र फक्त नसायचे. नसणाऱ्या माणसाशी स्पर्धा करता येत नाही, म्हणून मी ती कधी केली नाही. मी समजूतदार मुलगा झालो. समजूतदारपणा ही कधी कधी फार दिवस न उघडलेली खोली असते. दार उघडेपर्यंत आत काय कुजले आहे ते कळत नाही.

आमच्याकडे मानतात की मुलगा भिक्षू झाला की आई त्याच्या चीवराचे टोक धरून स्वर्गात जाते. एकवीस वर्षांचा झालो तेव्हा मी आईला म्हटले होते, "पावसाळ्यात दीक्षा घेऊ का?" ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "घाई काय आहे? तू बाबांसाठी घेतलीस ना एकदा." तीन वर्षांनी पुन्हा विचारले. पुन्हा तेच. बाबा वारले तेव्हा मी तेरा वर्षांचा होतो. मोठा मुलगा सिडनीहून येऊ शकला नाही, म्हणून माझे डोके आणि भुवया सकाळी घाईघाईने भादरल्या गेल्या आणि एका दिवसाचा सामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्षू, होऊन मी चितेसमोर उभा राहिलो. मिरवणूक नाही, ढोल नाही, केसांची पहिली बट आईने कापणे नाही. ते पुण्य सगळे बाबांना गेले. आईचा वाटा अजून माझ्यावर होता, असे मी समजत होतो. दीक्षेचे सगळे पाली शब्द मी बोटीत येता-जाता मनाशी पाठ केले होते. कुणाला न सांगता. तिसऱ्यांदा विचारण्याचे धैर्य गोळा करीत होतो, आणि एवढ्यात कोणीतरी विमानातून उतरला आणि ज्या दारावर मी आठ वर्षे हळूच टकटक करीत होतो ते एका धक्क्यात उघडून आत गेला.

तो आला त्याला तेव्हा दोन आठवडे झाले होते. रुंद खांद्यांचा, मोठ्याने हसणारा, चौतिशीतला पुरुष. आणि तोंड उघडले की नऊ वर्षांचा मुलगा. त्याची भाषा तिथेच थांबली होती. पंचवीस वर्षांपूर्वी गल्लीतली पोरे जे शब्द वापरत, जे आता कुणीच वापरत नाही, ते त्याच्या तोंडी ताजे होते. भूक लागली की तो लहान मुले म्हणतात तसे "पोट ओरडतंय" म्हणे, आणि आई हातातले काम टाकून पाहत राही. मी मोठा होत गेलो तसा माझा लहानपणचा आवाज हरवला. त्याचा त्याने परदेशात, बरणीत घालून ठेवावा तसा, जपून ठेवला होता. मला त्या आवाजाचा हेवा वाटे. असे कुणाला सांगितले तर हसतील, पण मला त्याच्या पैशांचा, त्याच्या घराचा, त्याच्या पारपत्राचा हेवा वाटला नाही. मला त्याच्या चुकांचा हेवा वाटला.

त्या संध्याकाळी घरी पोचलो तेव्हा दोघे जमिनीवर बसून जेवत होते. आईने वाफवलेल्या माशाच्या गालाचा मऊ तुकडा चमच्याने काढून त्याच्या भातावर ठेवला. हा तुकडा आमच्या घरात मला मिळत असे.

"ओंग! ये, बस," खेम म्हणाला. "हे बघ, माझा निकाल आला." त्याने थुंकी नळीत घालून कुठल्याशा प्रयोगशाळेला पाठवली होती. फोनवर रंगीत वर्तुळ होते, पोळीचे तुकडे करावेत तसे कापलेले. मोठा तुकडा दक्षिण चीनचा, एक ख्मेरांकडचा, एक कुठला तरी बेटांचा. "थाई म्हणून एकही तुकडा नाही! तिकडे सगळे विचारतात, तू मूळचा कुठला? मी म्हणतो थाई. आणि हे यंत्र म्हणतं, थाई नावाचं रक्तच नसतं."

"रक्तात कशाला असेल?" मी म्हणालो. "भात कसा खातोस त्यात असतं."

"मग माझं काय, मी काट्याने खातो," तो हसत म्हणाला. "आई, आपण कुठून आलो गं?"

आणि आई सांगू लागली. मी घास हातात धरून ऐकत राहिलो. ती सांगत होती की तिचे लोक खाओ योयचे, काळे कपडे घालणाऱ्या ताई जमातीचे. की त्यांना फार पूर्वी लढाईत धरून उत्तरेकडून, डोंगरांपलीकडच्या म्युआंग थेंगहून चालवत इथे आणले. की राजाने त्यांना जमीन दिली तरी म्हातारे दर वर्षी परत जायला निघायचे आणि वाटेत मरायचे. की तिच्या आजीच्या प्रेताजवळ एक म्हातारा बसून आत्म्याला वाट सांगत होता: हे गाव, मग ही नदी, मग ही खिंड, इथे पाणी पी, इथे थांबू नकोस, थेट घरी जा. "मी एवढीशी होते," आई म्हणाली, "मला वाटलं आजी खरंच चालत निघाली. मी तिच्या पायांकडे बघत बसले."

खेमचे डोळे भरून आले होते. माझ्या नकाशावर हा बाण नव्हता. एकोणतीस वर्षे मी या बाईच्या शेजारी झोपलो, जेवलो, तिला दवाखान्यात नेले. पोटापाण्यासाठी मी थाई लोकांचे बाण काढतो. आणि माझ्या आईचा बाण मला ठाऊक नव्हता.

"मला कधी नाही सांगितलंस हे," मी म्हणालो.

"तू कधी विचारलंस?" ती सहज म्हणाली. "आणि तुला काय सांगायचं? तू इथेच आहेस."

इथेच. हा शब्द घेऊन मी भांडी घासायला उठलो.

दीक्षेचे शब्द खेमला शिकवायचे काम साहजिकच माझ्याकडे आले. रोज संध्याकाळी गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांच्या मध्ये आम्ही समोरासमोर बसायचो. पहिल्या दिवशी मी संथ लयीत सगळे म्हणून दाखवले, आणि तो थक्क झाला. "तुला हे सगळं पाठ कसं?" मी म्हणालो, "लहानपणी घेतली होती ना दीक्षा." ते खोटे होते, सामणेराचे शब्द थोडे असतात. मी म्हटले होते ते पुरे भिक्षूचे होते. त्याच्या लक्षात येणे शक्य नव्हते. तो पाली शब्द समुद्रकाठच्या गाण्यासारखे लांबवत म्हणे, आणि मी त्याला थांबवी. पुन्हा. नाही, पुन्हा. मी निष्ठुर गुरू होतो. त्याच्या कपाळावर घाम आला की मला बरे वाटे. एकदा आई सुकलेले कपडे काढायला वर आली, दांडीखाली उभी राहून ऐकू लागली, आणि म्हणाली, "अरे, किती रागावतोस त्याला? चुकतो तेसुद्धा गोड लागतं ऐकायला." ती गेल्यावर खेम हळूच म्हणाला, "ओंग, तुला हे करायचं होतं का?"

खालच्या गल्लीतून पपईच्या तिखट सलाडचे उखळ कुटल्याचा आवाज येत होता. मला "हो" म्हणता आले असते. त्याने बहुधा माघार घेतली असती. तो चांगला माणूस होता, हेच तर असह्य होते. पण मग आईच्या चेहऱ्यावर जे विझले असते ते मी विझवले असते. "मला?" मी म्हणालो. "मला लोकांसमोर खांद्यावरून मिरवायला लाज वाटते, पी." आमच्याकडे थोरल्या भावाला पी म्हणतात. इतकी वर्षे हा शब्द माझ्या तोंडी रिकामा होता, आणि आता तो भरायला माणूस आला होता. "चल. पुन्हा पहिल्यापासून."

दीक्षा आईच्या गावी, खाओ योयच्या विहारात झाली. सकाळी अंगणात खेम पांढरी वस्त्रे नेसून बसला, आणि आईने कमळाच्या पानावर त्याच्या केसांची पहिली बट कापली. ती काळ्या लुंगीत होती, कलिंगडाच्या सालीसारख्या बारीक उभ्या रेघांची. अशी लुंगी तिच्याजवळ आहे हेच मला माहीत नव्हते. मग कात्री माझ्याकडे आली. भावाचे केस माझ्या बोटांना माझ्यासारखेच लागले, तितकेच जाड, तितकेच हट्टी. भुवया गेल्यावर त्याचा चेहरा एकदम उघडा, कुणाचाही झाला. परदेश त्यावरून धुऊन गेला. तो बाबांसारखा दिसू लागला, आणि गावातल्या बायका तोंडाला हात लावून म्हणाल्या, "अगं, हा तर आपलाच!" मला पाहून असे कुणी कधी म्हटले नव्हते. मी तर होतोच.

जमिनीला पाय लागू न देता उमेदवाराला मंदिराभोवती तीन फेऱ्या मारून न्यायचे असते. खांदा द्यायला मी पुढे झालो. लांब ढोल सुरू झाले, म्हाताऱ्या बायका नाचू लागल्या, आणि पंचवीस वर्षांचे ते सगळे नसणे एकदम वजन होऊन माझ्या मानेवर बसले.

"पाडू नकोस हं, ओंग," वरून तो म्हणाला.

"पाडायला आधी नीट उचलता यायला हवं. काय खातोस तिकडे?"

"मावशीचं जेवण."

"मग मावशीला बोलवायचं होतं खांदा द्यायला!"

शेजारचे खांदेकरी खदखदले. मीही हसलो. दुसऱ्या फेरीत माझा पाय एका खड्ड्यात गेला आणि क्षणभर मी तो तसाच राहू दिला, अगदी क्षणभर. तो कलला, माझे केस धरून ओरडला, आणि गर्दीतून आईची किंकाळी आली. मग मी सावरलो. सगळ्यांना तो खड्डाच वाटला. मी पुढे चालत राहिलो, आणि माझ्या कानाशी त्याच्या मांडीची नाडी उडत होती.

आत, बुद्धमूर्तीपुढे, आचार्यांनी त्याला ठरलेले प्रश्न विचारले. फार पूर्वी एक नाग माणसाचे रूप घेऊन भिक्षू झाला होता म्हणतात; म्हणून अजूनही प्रत्येकाला विचारावे लागते. तू मनुष्य आहेस का? तू ऋणमुक्त आहेस का? आईवडिलांची अनुज्ञा आहे का? मी श्वास रोखून ऐकत होतो. तू कुठला, हे विचारतील. इतकी वर्षे कुठे होतास, हे विचारतील. ही जागा कोणाची आहे, हे कुणीतरी विचारीलच. कुणी विचारले नाही. मनुष्य असणे पुरे होते. "आम, भन्ते," म्हणजे होय, महाराज, असे खेम प्रत्येक वेळी म्हणाला, स्वच्छ, न लांबवता, मी शिकवले होते तसे. आणि त्याच्या पाठोपाठ माझे ओठ हलत होते. ते माझ्या लक्षात आले तेव्हा मी ते दातांखाली धरले.

विधी संपला. पिवळ्या चीवरात तो उंच आसनावर बसला, आणि आई गुडघ्यांवर सरकत पुढे गेली. तिने आपल्या मुलापुढे तीनदा माथा टेकवला. मग दानाची वस्त्रे घेऊन ती थबकली. भिक्षूला बाईचा हात लागायचा नाही. त्याला शिकवले होते तसे त्याने आपल्यापुढे कापडाची पट्टी अंथरली, तिने वस्त्रे पट्टीवर ठेवली, आणि ती ठेवून झाल्यावरही तिचा हात तिथेच, त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, हवेत राहिला. तो आल्यापासून त्या हाताने त्याचे तोंड पुसले होते, त्याच्या पाठीवरून फिरला होता, त्याला घास दिले होते. आता तो हात कुठे ठेवावा हे तिला कळेना. मला कळले, आणि माझ्या आत एक अतिशय लहान, अतिशय उबदार आनंद झाला. मी त्याला नाव दिले नाही.

बाहेर येताना पायऱ्यांवर तिचा गुडघा अडकला. मी हात पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी, कोपराच्या वरून, गच्च धरला, आणि पायरी न उतरता तशीच उभी राहिली.

"बाबांच्या वेळी," ती म्हणाली, "तू असाच उभा होतास. एवढासा. चीवर खांद्यावरून घसरत होतं. तुझं नाक वाहत होतं, आणि मला पुसता येत नव्हतं. समोर ते जळत होते, आणि तू हातभर अंतरावर रडत होतास, आणि मी बोट लावायचं नाही. तेव्हाच म्हटलं, स्वर्गबिर्ग राहू दे. हा एक तरी मला हात लावायला हवा."

मी पायरीवर तिच्या बाजूला सरकून उभा राहिलो.

"तू विचारायचास ना, मला भीती वाटायची," ती म्हणाली, आणि मग नेहमीच्या आवाजात, "सदरा बघ किती मळवलास. चल, लोक जेवायचे थांबलेत."

मी मागे वळून पाहिले. दाराशी नवा भिक्षू उभा होता. भुवया नसलेल्या चेहऱ्यावर काही लपवता येत नाही. तो आमच्याकडे पाहत नव्हता; तो फक्त आईच्या बोटांकडे पाहत होता, ती माझ्या दंडात जिथे रुतली होती तिथे. ती नजर मी लगेच ओळखली. तिच्यात काय आहे, ती कुठून निघते आणि कुठपर्यंत जाते, हे त्या क्षणी सगळ्या जगात माझ्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. मनात आले, हात सोडवून घ्यावा. काही कामाचे निमित्त करावे, पुढे व्हावे, त्याला एवढे तरी द्यावे.

मी दंड थोडा वर उचलला, म्हणजे आईला धरायला सोपे जाईल, आणि तिच्याबरोबर सावकाश, एकेक पायरी, खाली उतरू लागलो.